सांधा

कायानीच्या लिलावात तिच्यावर कुणी फारशी बोली लावली नाही.
नळी चांगली, पण दस्ता मागून कापलेला,
दोन बोटं आखूड.
संग्रह करणाऱ्यांना असली खोट चालत नाही.
मी सुतार. मला आधी खोटच दिसते.
करवत बारीक दातांची होती,
आणि कापून झाल्यावर कुणीतरी कड कानशीनं मऊ केली होती.
घाईत कापणारा माणूस कड मऊ करत नाही.

घरी आणून उघडली.
मागच्या पट्टीखाली झारचा गरुड, १८९७,
नळीवर आमच्या सैन्याचा चौकोनी शिक्का.
शत्रूचं हाड, आमचं नाक.
दस्ता भूर्जाचा, दोन तुकड्यांचा,
बोटांत बोटं गुंतवावीत तसा सांधा,
सरस ऐंशी वर्षांनीही धरून.
रेषा मात्र जुळत नाहीत.
एका झाडाचे नव्हेतच ते.

"ही चौथी," इर्या म्हणाली, "आणि कपाट एकच."
शिदोरीची पिशवी मात्र तिनं न सांगता उचलली.
चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवलेली बाई,
कापड हातात आलं की उलटं करून बघणारच.
तुटलेला पट्टा पुन्हा शिवला होता,
लाल लोकरीनं, मोज्याची उसवलेली असावी.
"डावखुरा होता. टाका बघ कुठे कलतोय."
मी म्हटलं, आईनं शिवून दिला असेल.
"आईनं इतका वाईट शिवला नसता."

सप्टेंबरात वाळूच्या खाणीत गेलो.
ताइस्तोनं लक्ष्यं लावून ठेवली होती.
तो त्या काळचाच करडा कोट घालून आला होता,
डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि पोटावरचं बटण लागत नव्हतं.
मी पाच झाडल्या.
दस्ता आखूड, त्यामुळे दर वेळी
माझाच अंगठा माझ्या नाकावर.
ताइस्तो वाळूत बसून हसला.

"दे इकडे."
इर्या लिंगनबेऱ्या वेचायला आली होती,
तिनं बादली खाली ठेवली.
दस्ता तिच्या खांद्यात बसला,
माप घेऊन शिवलेल्या बाहीसारखा.
वार्निश झिजून लाकूड जिथं उजळलंय
बरोब्बर तिथं तिचा गाल.
मी लक्ष्याकडे बघितलंच नाही.
पाच गोळ्या. तीन एका तळहाताखाली झाकतील अशा,
दोन कुठे गेल्या देव जाणे.

बंदूक खाली करून ती म्हणाली,
"माझ्या उंचीचा होता."
मग बराच वेळानं, बादली उचलताना,
"एवढासा. डावखुरा. आणि शिवून द्यायला कुणी नाही."

मला ठाऊक होतं.
पिशवी ओउलूच्या जुन्या बाजारातली,
बटणांच्या खोक्यात पडलेली, बारा युरो.
बंदूक कायानीची.
आणि झीज दस्त्याच्या डाव्या अंगाला आहे,
डावखुऱ्याचा गाल तिथं टेकतच नाही.
दोन माणसं. एकमेकांना कधी न भेटलेली.
एक कदाचित म्हातारा होऊन, नातवंडांत, मेलाही असेल.
मी तोंड उघडलं
आणि म्हणालो, घरी जाऊन पाणी ठेवू.

जुन्या काडतुसांचं मीठ नळी खातं,
त्याच रात्री उकळतं पाणी ओतावं लागतं.
कॉफीची किटली. नरसाळं इर्यानं धरलं.
आधी काळं आलं, मग राखेच्या रंगाचं,
मग नुसतंच पाणी, वाफाळलेलं,
पायरीवरून गवतात.

"परवान्याचा अर्ज कुठे मिळतो?" तिनं विचारलं.
"कुणाच्या नावानं?"
तिनं उत्तर दिलं नाही. नरसाळं झटकलं.

रात्री मी पिशवी बंदुकीच्याच खुंटीला अडकवली.
सरस ओला असताना
सांध्याला हात लावायचा नसतो.