ळ

लासूरच्या आमच्या शाळेत या वर्षी
भिंतीवरचं वर्तमानपत्र निघालं.
चोपड्याहून आणलेलं कार्डशीट, बाभळीचा डिंक,
आणि संपादक सातवीतला लोकेश धनगर,
ज्याच्या वह्या मी चार वर्षं लाल करत आले.

विषय मीच दिला : आपापल्या घरची बोली.
वाटलं, चार म्हणी येतील, दोन उखाणे,
वर एक मोर काढू.

धनराजने बातमी आणली :
'केयीले भाव हाये, पन गाडी नाही.'
माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला.
लोकेशने पेन उचलून खिशात टाकलं.
'मॅडम, आज पेन संपादकाकडे.'

जमना पावरा म्हणाली, आमच्या बोलीला अक्षरं नाहीत.
म्हटलं, ही घे उसनी,
देवनागरी काय कुणाच्या बापाची नाही.
तिने अकरा पाखरांची नावं लिहिली.
मी मराठी प्रतिशब्द मागितले.
ती खिडकीबाहेर बघत राहिली,
मग एकाची शेपटी हाताने दाखवली,
एकाचा आवाज काढला,
उरलेल्या नवांना म्हणाली, 'ते झाडात असतं.'
तेवढंच लावलं.

मुमताज तडवीचा विनोद मला कळला नाही.
निम्मा वर्ग बाकांवर आडवा पडून हसला.
खाली अर्थ द्यावा का?
नको, असं बहुमताने ठरलं.

शेवटी उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा उरली.
'ही तुमची,' लोकेश म्हणाला.
माझी?
नाशिकला डी.एड.च्या पहिल्याच पाठाला
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं होतं,
तेव्हापासून मी जीभ इस्त्री करून ठेवलेली.
नवऱ्याशी प्रमाण, पोरांशी प्रमाण,
झोपेत काय बोलते, माहीत नाही.

हिरवं स्केचपेन घेतलं. बराच वेळ टोपण उघडलंच नाही.
मग लिहिलं :
मन्ही माय माले शाळामा धाडे.

लोकेश वाकला. ओठ हलवत दोनदा वाचलं.
खिशातून लाल पेन काढलं,
ळ भोवती गोल केला,
वर छोटा य काढला.
'शायामा, मॅडम. ळ नही, य शे.'

आणि शेजारी, बारीक अक्षरात,
माझंच नेहमीचं वाक्य, माझ्याच वळणात :
'पुन्हा लिहा. पाच वेळा.'

कार्डशीटवर जागा नव्हती.
हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर
लिहीत बसले,
मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली तरी.