कर्टिसचा हिरवा

ॲसिटोनच्या बरणीत रात्रभर बुडवलेले जिग
सकाळी कात टाकायला आल्यासारखे दिसतात.
रंग विरघळत नाही, फुगतो नुसता,
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा
चिमट्याच्या टोकाला लोंबतो.
ब्रशनं लावलेला असता तर केव्हाच गेला असता.
हा पावडरचा, भाजून बसवलेला.
आमच्या घराण्यातल्या माणसांसारखा.

गॅरेजचं दार वीतभर उघडं ठेवलंय, वासासाठी.
बाहेर नोव्हेंबर, तळ्याच्या कडेला बर्फाची पहिली साय.
कर्टिस खुर्चीत, गोधडीखाली हात.
ते हात हल्ली थांबत नाहीत,
म्हणून माझे.

साल निघाली की खाली शिसं.
राखाडी, मऊ, नखानंही ओरखडा उठेल असं,
नाकाडावर खडकांनी दिलेले ठोसे.
तळाशी आपटत आपटत चालणं, एवढंच यांचं काम.
एकाला रबरी शेपूट चिकटून वितळलेलं.
मी तो कचऱ्यात टाकायला गेले तर खुर्चीतून आवाज:
"गळ शाबूत आहे की, मार्लिस."

त्याला हिरवं दिसत नाही. लहानपणापासून.
हिरवं, तपकिरी, वाळलेलं गवत, ओलं गवत,
सगळं एकाच मातीचं.
बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या,
पण त्या वर्षी तळघरात पाणी शिरलं
आणि चिठ्ठ्या वाहून गेल्या.
त्याच आठवड्यात त्यानं वडिलांची होडी विकली होती,
मला न विचारता.
तो दोन बाटल्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला.
"यातली हिरवी कुठली?"
मी भांडी घासत होते. वळून पाहिलं, नीट पाहिलं,
आणि म्हटलं, "डावीकडची."

साठ जिग भाजले त्यानं त्या रात्री.
काळजाच्या तुकड्यासारखे तपकिरी.

पुढचं काय सांगू.
आमच्या तळ्याचं पाणी चहासारखं, दलदलीतून येणारं,
आणि खडकाखालचे झिंगे नेमके त्याच रंगाचे.
त्या शरदात वॉलआय त्याच्या दोरीवर रांग लावून आले,
काचेचे डोळे, सोनेरी कुशी,
आणि तो दुकानाच्या काउंटरवर हात पसरून सांगत सुटला:
"हिरवा! गवती हिरवा!"
ड्वेननं माझ्याकडे पाहिलं. मी गांडुळांच्या डब्यांकडे.
इथली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत.
दुसऱ्या महिन्यात फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं:
कर्टिसचा हिरवा, तीन डॉलरला चार.
एकतीस वर्षं गावानं तपकिरीला हिरवा म्हटलं.
आणि मी त्या फळ्यावरून ब्रेड आणायला जात राहिले.

टोस्टर ओव्हन तापलाय. यात पाव कधीच भाजला नाही,
शिशाचं भय असतं.
एकेक डोकं गरम करायचं, पावडरीत बुडवायचं,
मनात दोन अंक मोजून वर.
धूळ चिकटते, थरथरते, आणि बघता बघता
तिची काच होते.
रंग आळायच्या आत सुईनं डोळा मोकळा करायचा,
नाहीतर भर वाऱ्यात, गारठलेल्या बोटांनी
दोरा ओवताना कुणीतरी तुम्हाला शिव्या घालतो.
मग जाळीला टांगून वीस मिनिटं.

पण ते सगळं नंतर. आत्ता साठ नागडी डोकी
वर्तमानपत्रावर वाळताहेत,
आणि फळीवर दोन बाटल्या,
दोन्हींवर यंदा मी ठळक अक्षरात चिठ्ठ्या लावल्या आहेत.
खऱ्या.
हिरवीचं झाकण उघडलं. हात तिथंच राहिला.
म्हटलं, "कर्टिस, तुला एक सांगायचं होतं."

त्यानं डोळे उघडले नाहीत.
गोधडीखाली हात चालूच होते,
जणू अजून कुठेतरी खोल
दोरी हलके हलके झटकत होते.

"ती नको," तो म्हणाला.
"डावीकडची घे."