तिसऱ्या टेबलावर

दानित्साने पहिल्यांदा लिहिलं ते वाचून मी म्हटलं,
बाई, ही जाहिरात आहे की निधनवार्ता?
"शांत, मनमिळाऊ, निसर्गाची आवड" —
पुन्ता अरेनासमध्ये निसर्गाची आवड कसली!
इथे निसर्ग डोक्यावरची टोपी उचलून
सामुद्रधुनीत फेकतो.

मग लोकरीच्या गोदामात, जेवणाच्या सुट्टीत,
माझ्या पाठीवर कागद ठेवून तिने नव्याने लिहिलं:
"वय एकसष्ट. मासे खायला आवडतात, साफ करायला नाही.
नवरा जाऊन नऊ हिवाळे झाले.
रात्री रेडिओ चालू ठेवून झोपते.
कवळी असल्यास लपवू नये. मीही लपवत नाही."
आडनाव नाही, गल्ली नाही.
घराविषयी एवढंच, की दोरीवरचे कपडे
तिथे कधी सरळ लोंबत नाहीत —
म्हणजे या गावातलं कुठलंही घर.

तीन दिवसांत एकोणीस उत्तरं.
त्यात एक इंजिनियर, तेलविहिरीवरचा, मधाळ.
दुसऱ्या दिवशी "माझी राणी",
चौथ्या दिवशी हॉस्पिटलचं बिल.
म्हणे शेजारच्याच गावचा. फोटोत मागे माड.
माड! इथली झाडंसुद्धा
वाऱ्याकडे पाठ करून कुबडी वाढतात.
दानित्सा हसली,
आणि मग बराच वेळ काही बोलली नाही,
कारण "राणी" तिला आवडलं होतं.

एर्मेलिंदोचं उत्तर दोन ओळींचं.
"मासे साफ करायचं काम माझं. पोर्वेनीरला राहतो,
बोटीने येईन. घाई नाही."
सहा आठवडे नुसती अक्षरं.
मग मी म्हटलं, आता चेहरा बघ,
बोलताना हलतो का ते बघ.
हलला. नाकाच्या शेंड्याला पीठ लागलं होतं.

शनिवार, भर दुपार, चौकातला कॅफे —
खिडक्या मोठ्या आणि मालकीण चौकस.
तिचे पैसे तिच्या पाकिटात,
घरची वाट तिच्या पायांत,
मी तिसऱ्या टेबलावर.
ठरलं होतं: स्कार्फ काढून ठेवला तर सगळं ठीक.
उठताना दिसली, स्कार्फ आवळताना दिसली,
तर मी जायचं आणि म्हणायचं,
"अगं, तुझ्या बहिणीचा फोन."
तिला बहीण नाही.

पेपर उघडून बसले, डोळ्यांत तेल घालून.
चहा गार. स्कार्फ गळ्यात.
तो मेंढ्यांबद्दल बोलत होता की बोटीबद्दल,
ऐकू येईना, वारा काचा वाजवत होता.
स्कार्फ गळ्यातच.
तेवढ्यात दिसलं,
पाचव्या टेबलावर एक धिप्पाड बाई
शब्दकोड्याचा एकही चौकोन न भरता
पेन्सिल चावतेय,
आणि तिची नजर दानित्साच्या पर्सवर.

मी पेपर खाली केला. तिने कोडं.

"बहीण," ती म्हणाली, "त्याची. खरी.
गेल्या साली एकीच्या विमान-तिकिटापायी
चौदा मेंढ्या विकल्या त्याने.
विमान उतरलंच नाही."
तिचं नाव सेल्मिरा. खुर्ची ओढत तिने विचारलं,
"तुमची कशी आहे?"
"हिशोबाला पक्की. घोरते."
"तोही," ती म्हणाली, आणि केक मागवला.

स्कार्फ कधी निघाला, देव जाणे.
पहारा तिथेच ढिला पडला.

बाहेर आलो तेव्हा कोपऱ्यावर
नगरपालिकेने दोर बांधले होते,
वाऱ्याच्या दिवशी बांधतात तसे.
दानित्साने दोर धरला. हातभर जागा सोडून त्याने.
मागे आम्ही दोघी, झगे सावरत.
बोटीची वेळ झाली होती
तरी कुणी भराभर चाललं नाही.

रात्री तिचा फोन आला.
"पुढच्या शनिवारी तू येऊ नकोस."
मी बरं म्हटलं.
रेडिओ ऐकू येत होता, कुणीतरी हवामान सांगत होतं.
"नाही, ये," ती म्हणाली.
"पण सातव्या टेबलावर बस."