हळकुंडाचं चित्र

सकाळी साडेदहाला मार्केट यार्डातून फोन,
"पडदा निळा झालाय, आकडा सदतीसवर बसलाय,
अकराला सौदा आहे, ये."

पोचलो तर भूपाल उपाध्ये, पेढीचे दिवाणजी,
आजारी माणसाच्या उशाशी बसावं
तसे मॉनिटरशेजारी.
"मी काय केलं नाही बघ.
रात्री बंद करताना त्यानंच विचारलं,
आत्ता करू का नंतर? मी म्हणालो नंतर.
ह्यानं नंतर म्हणजे पहाट धरली."

अडतीस.

मागच्या दिवाळीत मी डबा उघडला होता,
पंख्यातून ओंजळभर हळद निघाली.
यंत्राला हळद लागली, मुहूर्त कधीचा,
म्हणून हमाल दिवसभर हसत होते.
आज कुणी हसेना.
बाहेर पोती फुटली, राजापुरीचा ढीग लागला,
दर चढायला लागले,
आणि दिवाणजींनी कानामागची पेन्सिल काढून
कॅलेंडरच्या फाटक्या फेब्रुवारीवर
सगळा सौदा उतरवला.

पावणेएकला पडदा परत आला.
काही गेलं नव्हतं.
फक्त काहीच ओळखीचं नव्हतं.

"चित्रं बघ की कशी झालीत.
पहिली उचलून घ्यावी वाटायची, खाली सावली होती.
आता ट्रकखाली आलेल्या बेडकासारखी."
मालकांची लेक सुकन्या म्हणाली, छान आहे की काका,
डोळ्याला गार वाटतं.
तोलाईदार दस्तगीर मुल्ला दारातनंच बोलला,
"दिसंना का कसं बी. मधीच झोपू ने.
माझ्या काट्यानं कधी म्हटलंय का,
थांबा, मी सुधारतोय?"

मी गप्प. मला दोन्हीकडचे पैसे मिळतात,
बिघडल्याचे आणि सुधारल्याचे.

"जतन करायचं हे चित्र कशाचं रे?"
फ्लॉपीचं.
"कुठं मिळते?"
आता कुठंच नाही.
दिवाणजी पहिल्यांदा खूश दिसले.
"मग बरोबर आहे. हरिपूरला पेव होतं आमचं,
आत दिवा सोडून हवा बघायची, मग माणूस उतरायचा.
पुराचं पाणी शिरलं, संपलं.
पण घराचा पत्ता विचार कुणाला,
अजून पेवाच्या अलीकडं म्हणूनच सांगतात."

मग हळूच, सुकन्या चहा सांगायला गेल्यावर,
"हिशेबाच्या प्रोग्रामला एक हळकुंड काढून देशील?"

रात्री बसलो. बत्तीस चौकटी आडव्या, बत्तीस उभ्या,
त्यात हळकुंड म्हणजे
सुईच्या नेढ्यातून बैलगाडी.
दुसऱ्या दिवशी सुकन्या म्हणाली, आलं.
हमाल म्हणाले, भुईमुगाची शेंग.
दस्तगीर बराच वेळ बघून म्हणाला,
कुणाचा तरी अंगठा तुटलाय.
दिवाणजींनी चष्मा कपाळावर सारला,
पडद्याला नाक टेकेल इतके वाकले.
"हळकुंडच आहे.
पण ओलं आहे. वाळवून आण."

खरंच होतं. मी पिवळा नुसता ओतला होता.
कडेच्या नऊ चौकटी तपकिरी केल्या,
दोन पेरं पाडली,
आणि खाली, कुणाला न विचारता,
एक बारीक सावली दिली.

चार महिने फोन नाही.
श्रावणात त्या बाजूला काम होतं म्हणून डोकावलो.
मधल्या काळात पुन्हा एकदा सगळं बदलून गेलं होतं,
बिनबोभाट, कुठल्यातरी रात्री.
हळकुंड वाचलं होतं,
पण डावीकडची तिसरी ओळ सोडून
खालच्या पट्टीत जाऊन बसलं होतं.

डाव्या तिसऱ्या ओळीवर, काचेवर,
पिवळा डाग, बोटाच्या टोकाएवढा.
दिवाणजी आधी तिथं बोट ठेवायचे,
मग माऊस बोटापर्यंत आणायचे, हे मला तेव्हा कळलं.
आताही बोट तिथंच गेलं.
डागाखाली निळं आभाळ, कुठल्यातरी परक्या डोंगरावरचं.
बोट क्षणभर थांबलं, मग खाली उतरलं.

"काच पुसून देऊ?"
"नको," म्हणाले, "राहू दे.
परत यायचं झालं तर त्याला जागा ठावी पाहिजे."