आधी काटा, मग हूक

तारामुंबरीला बर्फाच्या कारखान्यावर माझी खोली.
खाली अमोनियाचा वास, वर आठ कोअरचा बोर्ड,
कणकवलीहून एसटीच्या पार्सलातून आलेला,
नारळाच्या सोडणांत गच्च बसवून.

शौकत मुकादम विचारतो, "कर्नल? फौजेतला?"
नाही रे. गऱ्यातली आठळी म्हण,
बाकी सगळं तिच्याभोवती.
आणि ही आठळी कुणाच्या मालकीची नाही,
कुणीही उचलावी, कुठल्याही सड्यावर पेरावी.

वीस वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या दाराला
एकच मोठं कुलूप लावलं
आणि शेजारी लिहून ठेवलं: तात्पुरतं.
तेव्हा प्रोसेसर एकटाच, भांडणार कुणाशी?
आता आठ आहेत.
एक आत जातो, सात उंबऱ्याशी गरगरत राहतात,
झोपत नाहीत, कामही करत नाहीत,
नुसतं विचारतात, उघडलं? उघडलं? उघडलं?
बोर्ड तापतो, वर चहा ठेवावा इतका.

शिमग्यापासून मी ते कुलूप फोडते आहे.
फोडते म्हणजे बारीक करते:
मेमरीचं वेगळं, फायलींचं वेगळं, घड्याळाचं वेगळं.
एकशे बारा झाली.
पहिल्या दोन रात्री आठही जण असे धावले
की मी एकटीच खोलीत हसले.

तिसऱ्या रात्री सगळं थांबलं.
धूर नाही, चूक नाही, शेवटचा शब्दही नाही.
जागोजाग खुणा छापून पाहिल्या,
तर खुणा असल्या की ती नीट चालायची.
मोजायला गेलं की उतरणारा ताप.

सकाळी होड्या लागल्या आणि खाली आरडाओरडा.
रोहिदास कुबलच्या हातात हूक, त्याला काटा हवा.
शौकतचा हात काट्यावर, त्याला हूक हवा.
"तू सोड आधी."
"तू सोड, मगे मी सोडतंय."
भांडण नव्हतं. दोघंही शहाणे, दोघंही खरे,
आणि मधे लादी, ठिबकत,
गटारातून खाडीकडे चाललेली.

शेवंती तारी टोपली आपटून म्हणाली,
"मेल्यांनो, सूर्य डोक्यार इलो!
आदी काटो धरूचो, मगे हूक.
आणि सगळ्यांनी तसोच. रोज."

मी ओल्या पायांनी जिना चढले.

सगळीकडे आधी मेमरी, मग घड्याळ.
एकाच जागी आधी घड्याळ, मग मेमरी.
अक्षर ओळखीचं. शिमग्यातली रात्र, अडीचची वेळ,
मीच.

दोन ओळींची अदलाबदल. एवढंच.
दोष कुणी दाखवला, या रकान्यात लिहिलं:
शेवंती तारी, बर्फ कारखाना, तारामुंबरी.
तिला सांगितलं तर म्हणाली,
"नाव घातलंस तर पैशे गावतले?"
नाही म्हटल्यावर टोपली उचलून गेली.

आज अकरावा दिवस.
इन्व्हर्टर दोनदा बसला, बोर्ड एकदाही नाही.
मोठं कुलूप मी काढून टाकलं.
शेजारचा शब्द पुसायला कर्सर नेला, आणि परत आणला.
माझ्या एकशे बारांनाही तो पुरेल.