बिनकामाचं गाढव हवं आहे

पहाटे पावणेपाचला असल्फ्याच्या डोंगराखाली
रेतीच्या ढिगाशी सात गाढवं उभी असतात
आणि थर्मासमध्ये बर्फ घेऊन मी.

हणमंता धोत्रे मान धरतो.
मी अंगठ्याने शीर दाबते, ती तट्ट फुगते.
जांभळ्या बुचाची नळी, पाच मिली.
अलगद उलटी-सुलटी करायची, हिसडायची नाही;
पेशी फुटल्या की दिवस फुकट.
मग पाठीवर गोण्या चढतात
आणि ती निघतात वर, जिथे टेम्पो जात नाही,
हातगाडी जात नाही,
समोरून माणूस आला तर दुसऱ्याने भिंतीला चिकटायचं,
त्या बोळांतून.
दुपारी, बाविसाव्या खेपेनंतर,
पुन्हा पाच मिली.

परळला पोचेस्तोवर बर्फाचं पाणी.
नळ्या गरगर फिरतात, लाल तळाशी बसतं,
वर निवळी उरते, ताकावरची असावी तशी.
तीत आम्ल, मग तासभर उकळत्या पाण्यात.
हळूहळू रंग येतो.
गुलाबी.
बारशाच्या झबल्याचा असतो तो.
पेशींच्या आवरणातला स्नेह जितका करपला
तितका गडद.
पाचशे बत्तीसवर यंत्र आकडा देतं,
मी वहीत मांडते. सव्वीस वर्षं मांडतेय.

एकदा मेंबरला खोकला झाला म्हणून
हणमंता त्याला खाली दवाखान्यात बांधून
जिना चढून वर आला.
(मेंबर म्हणजे सात नंबर. कोणाचंच ऐकत नाही म्हणून मेंबर.)
नळ्यांची रांग न्याहाळून म्हणाला,
जास्त गुलाबी ते चांगलं ना?
नाही, म्हटलं. आतून गंज चढतो, त्याचं हे माप.
तो जरा थांबला.
गंज कसा, बाई?
फावडं रोज मातीत असलं की लखलखतं.
ठेवून दिलं की गंजतं.

मी काचेवरचा डाग पुसत राहिले, नसलेला.

मग दिल्लीहून पत्र आलं: आकडे ठीक आहेत,
पण तुलना कशाशी?
तेच वय, तोच चारा, पाठीवर ओझं नाही,
असा कंट्रोल ग्रुप जोडावा.

शोधला. कुंभारवाड्यात, गोवंडीला, कुरारच्या टेकडीवर.
चहाच्या टपरीवर मी विचारलं,
इथे बिनकामाचं गाढव कुठे मिळेल,
तर पोरांनी एकमेकांकडे बोटं दाखवली.
एक मुकादम मात्र हसला नाही. म्हणाला,
बिनकामाचं असतं तर कोण ठेवील?

शेवटी हणमंताच बोलला, मेंबरला बसवतो पंधरा दिवस.
खाडा रोजचा सहाशे.
मंजूर खर्चात सुया होत्या, नळ्या होत्या,
रिक्षाभाडंसुद्धा होतं.
विश्रांतीचा रकाना नव्हता.
जान्हवी मॅडमनी हातमोज्यांच्या खर्चातून काढले.

दोन दिवस मेंबर संडासामागच्या सावलीत
भिंतीकडे तोंड करून उभा.
तिसऱ्या पहाटे दावं तोडून
पावणेपाचला ढिगाशी हजर.
पाठ पुढे केली. कोणी गोणी टाकेना.
मग बाकीच्यांच्या मागून मोकळाच वर गेला,
मोकळाच खाली आला,
पुन्हा गेला.
हणमंताने मोजलं, बावीस.

हे काम लिहू की आराम?
वहीत दोनच रकाने आहेत.
(जूनमध्ये मी निवृत्त होतेय. रविवारीही
चारला जाग येते. ते कुठेच लिहीत नाही.)

त्यानंतर साखळी लावली.
पंधराव्या दिवशीची नळी मी खिडकीपाशी धरली,
बाहेर कोणाचा तरी बैल टाक्यांसाठी उभा होता.
फिकट आहे, मला वाटलं.
खूपच फिकट.
यंत्राला तितकं वाटलं नाही.

संध्याकाळी हणमंताचा फोन.
झालं का, बाई, तुमचं?
उद्यापासून लावू त्याला कामाला?
मागे साखळी वाजत होती,
सारखी.