नावं ठेवणं

लॉख ड्रुईनचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं.
जुलै. रात्रीचे नऊ, आणि उजेड अजून रेंगाळतोय.
एफी बटाट्याचं पोतं अंथरून गुडघ्यांवर बसलीय,
भिंग गळ्यात, बुटाच्या नाडीला.
फार्कर, तिचा दीर, उभा. वही त्याच्याकडे.
वाकणं त्याला जमत नाही, स्पेलिंग तिला.

“पांढरं. पाच पाकळ्या. आतून झालर,
जुन्या टॉवेलची दशी निघावी तशी. पानं तीन-तीन.”
बॉगबीन, तो लिहितो. किती?
“शिरू का पाण्यात मोजायला?”
तो लिहितो, पुष्कळ.

पुढे पाण्यातून वर आलेली एक नुसती काडी,
तिच्या टोकाला फिकट जांभळं, मान टाकलेलं.
पानं सगळी तळाशी, गाळात.
याचं नाव एफीला येतं.
ती लगेच सांगत नाही,
थोडा वेळ बिननावाचं बघून घेते.

मग चौकोनात ते पिवळं:
सहा टोकांची चांदणी, केसरांना लोकर.
फार्कर न बघताच म्हणतो, “हाडमोड्या.”
त्याचे वडील सांगायचे, हे खाल्लं की
मेंढीचा पाय चालता चालता काडकन मोडतो.
लॅटिन नावातसुद्धा तेच जाऊन बसलंय.

“चुना नाही रे इथल्या मातीत,” एफी म्हणते,
“मेंढ्या मोडायच्या त्याने.
हे फक्त तिथे उभं होतं.”

फार्कर पेन्सिल चावतो.

एक्क्याऐंशीचा मार्च. भावाची होडी.
एफीला या घरात येऊन तीन आठवडे झाले होते.
चर्चच्या पायऱ्यांवर बायका काय बोलल्या,
आई काय बोलली,
आणि वीस वर्षांचा फार्कर, दारात, ओली टोपी हातात घेऊन
काय बोलला नाही.

चिलटं उठलीत. ती कानामागे मर्टलची डहाळी खोचते,
एक त्याच्याकडे वर धरते. तो घेतो.

“लिहिलंस?”
“लिहिलं होतं.”
तो खोडतोय. रबराचा चुरा खाली पडतो
एफीच्या केसांवर, चौकोनातल्या चांदण्यांवर.
ती फुंकर मारते, फक्त फुलांवरचा उडवते.

“मग आता काय लिहू?”
“पिवळं,” ती म्हणते. “सतरा.
थांब, हे एक मिटलेलं आहे.
अठरा.”